रात्री तीनला झोप, सकाळी अकराला जाग: बिघडलेली झोप परत जाग्यावर कशी आणायची

हे मी खास करून त्या पोरापोरींसाठी लिहितेय जे पहिल्यांदाच घर सोडून लातूरला, नांदेडला नाहीतर संभाजीनगरला रूम करून राहिलेत आणि दोन-तीन महिन्यात ज्यांची झोप अशी उलटी झालीय की रात्री तीन वाजता डोळे टक्क उघडे आणि सकाळी क्लासला बसलं की मान खाली. मी बीड जिल्ह्यातली, अंबाजोगाईजवळच्या गावातली. बारावी आणि पुढं एक वर्ष रिपीट असं लातूरला काढलं आणि त्या रिपीटच्या वर्षात दिवाळीनंतर माझी झोप रात्री साडेतीन ते सकाळी साडेअकरा अशी होऊन बसली. माय सकाळी फोन करायची, "उठलीस का गं, काय करायलीस?" आणि मी अंथरुणातूनच "अभ्यास करायले" म्हणायचे, त्याचं मला अजून वाईट वाटतं. मग एका रविवारच्या टेस्टला दुपारी दोनच्या पेपरात डुलकी लागली, नंतर बघितलं तर ओएमआरवर (गोळे काळे करायच्या उत्तरपत्रिकेवर) एक ओळ सोडून पुढचे गोळे भरत गेले होते, वीसेक प्रश्न गेले. येत होतं सगळं, डोकं जागं नव्हतं. त्यानंतर मी झोपेबद्दल वाचायला लागले, करून बघितलं, चुकलं, परत केलं, आणि साधारण तीन आठवड्यात घडी बसली. त्यातलं जे खरंच चाललं ते सांगते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात बसवा, कारण बाकीचं सगळं हिच्यावरच उभंय. झोप लागायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची वेळ असते. रात्री दहाला दिवा बंद करून "आजपासून लवकर झोपायचं" असं ठरवून पडलं की कुणालाच झोप येत नाही. पण गजर लावून, खोलीतल्या मैत्रिणीला सांगून, ठरलेल्या वेळेला उठणं जमतं. म्हणून सुरुवात सकाळपासून करायची, रात्रीपासून नाही.

आधी तीन दिवस नुसतं लिहा

काही बदलू नका. वहीच्या मागच्या पानावर रोज चार गोष्टी लिहा: दिवा कधी बंद केला, अंदाजे झोप कधी लागली, गजर नसता तर कधी जाग आली असती, आणि शेवटचा चहा किती वाजता घेतला. तीन दिवसात चित्र दिसतं. मला वाटायचं मी दीडला झोपते, लिहिल्यावर कळलं की दीडला मी फक्त पुस्तक मिटते, त्याच्यापुढे दोन तास मोबाईल चालायचा.

मग ठरवा की उठायचं कितीला. सकाळी सातचा क्लास असेल तर सहा-साडेसहा. तिथून मागं मोजा. अठरा वर्षांच्या आतल्यांना ८ ते १० तास लागतात, त्याच्या पुढच्यांना निदान ७. "टॉपर चार तास झोपतो" असलं रूमवर लई ऐकायला मिळतं, त्याच्या नादी लागू नका, दिवसभर वाचलेलं पक्कं व्हायचं काम झोपेतच होत असतं आणि ते काम अर्धवट तोडलं तर जास्तीचे दोन तास वाचूनही हाती काही लागत नाही.

घड्याळ पुढंच का सरकतं

आपल्या मेंदूत, डोळ्यांच्या नसा जिथं एकमेकींना छेदतात त्याच्या बरोबर वर, साधारण वीस हजार पेशींचा एक बारका पुंजका आहे, तेच शरीराचं मुख्य घड्याळ. हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं हे शोधणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. आपल्या कामाची गोष्ट अशी की बहुतेक माणसांचं हे घड्याळ चोवीस तासांपेक्षा थोडं जास्त घेतं, दहा-पंधरा मिनिटं. म्हणजे त्याला रोज कुणीतरी मागं ओढलं नाही तर ते आपोआप पुढं सरकतं, आणि किशोरवयात तर ते मुळातच उशिराकडं झुकलेलं असतं, त्यामुळं "आजकालची पोरं आळशी" म्हणणाऱ्या मोठ्यांचं मनाला लावून घेऊ नका. गावाकडं पहाटे कोंबडा, आजीची खुडबुड, अंगणात आलेलं ऊन हे सगळं मिळून घड्याळ रोज मागं ओढत असतं. रूमवर यातलं काहीच नाही, खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलेलं आणि रात्री एकपर्यंत ट्यूबलाईट. मग ते सरकणारच.

या घड्याळाला ओढणारी सगळ्यात मोठी दोरी म्हणजे उजेड. आणि इथंच सगळे एक चूक करतात, मीही केली, म्हणून हा भाग जरा सावकाश वाचा.

उजेड एकाच दिशेनं काम करत नाही, तो कधी मिळाला यावर सगळं अवलंबून आहे. रोजच्या नेहमीच्या जाग यायच्या वेळेच्या साधारण दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सगळ्यात खाली गेलेलं असतं. त्या क्षणाच्या नंतर डोळ्यांना उजेड मिळाला तर घड्याळ मागं येतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी झोप लवकर लागते, आपल्याला हेच पाहिजे. पण त्या क्षणाच्या आधी उजेड मिळाला तर शरीराला वाटतं अजून संध्याकाळच चालूय, आणि घड्याळ आणखी पुढं जातं. आता हिशोब करा. जो पोरगा रोज साडेअकराला आपोआप उठतो त्याचा तो सगळ्यात खालचा बिंदू साडेआठ-नऊच्या आसपास पडतो. त्यानं जोशात येऊन पहिल्याच दिवशी पाचचा गजर लावला आणि सहाच्या उन्हात फिरायला गेला, तर त्याच्या शरीराच्या हिशोबानं तो मध्यरात्रीच उजेडात उभा आहे. दोन-चार दिवस तो ओढत नेतो आणि पाचव्या दिवशी परत दुपारी बाराला उठतो आणि म्हणतो आपल्याला नाही जमत. त्याची इच्छाशक्ती कमी पडलेली नसते, उजेडाची वेळ चुकलेली असते.

म्हणून अर्धा-अर्धा तास

पहिल्या दिवशी आजच्या जाग यायच्या वेळेपेक्षा फक्त अर्धा तास आधी उठा. साडेअकराला उठत असाल तर अकरा. दोन दिवस अकरा, पुढचे दोन दिवस साडेदहा, मग दहा. साडेअकरावरून साडेसहावर यायचं म्हणजे पाच तास, अर्ध्या-अर्ध्याच्या दहा पायऱ्या, एका पायरीला दोन दिवस, झाले वीस दिवस. काहींचं शरीर लवकर ऐकतं, त्यांनी रोज अर्धा तास केलं तरी चालतं, पण सकाळी डोकं जड आणि रात्री झोपेचा पत्ता नाही असं झालं तर त्याच पायरीवर अजून एक दिवस थांबा. दिवाळीच्या नाहीतर सेमिस्टरच्या सुट्टीत हे करायला घेतलं तर उत्तम.

आणि ज्यांना सातचा क्लास बुडवताच येत नाही त्यांचं काय? त्यांना उठावं तर लागणारच. तुमचा खालचा बिंदू अजून नऊला असेल तर सुरुवातीचे दिवस क्लासला जाताना टोपी घाला, गॉगल असेल तर तो लावा (गाडी चालवताना उजेड पुरेसा असेल तरच), आणि मुद्दाम उन्हात उभं राहायचं ते नऊ-दहाच्या सुट्टीत. दर दोन दिवसांनी ही वेळ अर्ध्या तासानं अलीकडं आणत न्या. आठवड्या-दीड आठवड्यात सकाळचं कोवळं ऊनसुद्धा तुमच्या कामाचं व्हायला लागतं.

उठल्या उठल्या बाहेर

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत बाहेर. गच्ची, गॅलरी, हॉस्टेलचं आवार, काही पण चालेल, पण डोक्यावर आभाळ पाहिजे. खोलीतल्या ट्यूबलाईटचा उजेड शे-दोनशे, फार तर पाचशे लक्स (उजेड मोजायचं माप) असतो, बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा हजारोंनी असतो आणि स्वच्छ उन्हात लाखाच्या आसपास जातो. डोळ्यांना खोलीतला उजेड चांगला वाटतो म्हणून आपण फसतो. वीस-तीस मिनिटं पुरतात, ढग असतील तर थोडं जास्त थांबा. सूर्याकडं बघायचं अजिबात नाही, नुसतं बाहेर असणं पुरेसं आहे. मी गच्चीवर कठड्याला टेकून बायोलॉजीच्या आकृत्या बघत बसायचे, त्यामुळं वेळ वाया जातोय असंही वाटायचं नाही.

आपल्याकडं एक अडचण आहे, ती म्हणजे ऊन. एप्रिल-मे मध्ये सकाळी नऊ-दहानंतर मराठवाड्यात उघड्यावर उभं राहणं म्हणजे चक्कर येऊन पडायचं काम. तेव्हा सावलीत बसा, लिंबाखाली नाहीतर पत्र्याच्या शेडखाली, सावलीतला उजेडसुद्धा खोलीच्या कितीतरी पट असतो. जून-जुलैत आपल्याकडं पावणेसहा-सहाला उजाडतं पण जानेवारीत सूर्य उगवायला सात वाजतात, त्यामुळं थंडीत पाचला उठून अंधारात चालत सुटलात तर व्यायाम होईल, घड्याळाला त्याचा उपयोग फारसा नाही.

उठल्यावर तासाभरात काहीतरी खा. पोहे, उप्पीट, रात्रीची भाकरी-चटणी, मेसमध्ये जे असेल ते. पोटाची पण स्वतःची वेळ असते, रात्री एकला मॅगी आणि सकाळी काहीच नाही असं केलं की पोट एक वेळ सांगतं आणि डोळे दुसरी.

चहा

यावर माझी रूममेट माझ्याशी चिडायची पण सांगते. चहा-कॉफीतलं कॅफीन झोप घालवत नाही, झोपेचा निरोप अडवून धरतं. आपण जागे असतो तसं मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचा पदार्थ साचत जातो, त्यानंच संध्याकाळी डोळे जड होतात, आणि कॅफीन त्याच्या जागेवर जाऊन बसतं. शरीरातलं अर्धं कॅफीन जायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे सांच्याला सहाला टपरीवर कटिंग घेतला तर अकरा वाजता त्यातला अर्धा अजून आतच आहे. शेवटचा चहा दुपारी दोनच्या आत, परीक्षा जवळ आली म्हणून रात्री अकराला फ्लास्क भरून ठेवणं बंद. एनर्जी ड्रिंकच्या बाटल्यांना तर हातच लावू नका. एकदम सोडलं की एक-दोन दिवस डोकं दुखतं, म्हणून रोज एक कप कमी करत या. टपरीवर मैत्रिणींसोबत जायचं असतंच, जा, लिंबू सरबत घ्या.

रात्रीचे दोन तास

झोप यायच्या साधारण दोन तास आधीपासून मेंदू मेलाटोनिन सोडायला लागतो, तो शरीराला सांगतो की रात्र झाली. उजेड पडला की हे थांबतं. त्यामुळं ठरलेल्या झोपेच्या दोन तास आधी ट्यूबलाईट बंद करा आणि टेबल लॅम्प लावा, पिवळसर बल्ब असलेला, उजेड पुस्तकावर पडेल आणि डोळ्यात येणार नाही असा. चोवीस तास उघड्या असणाऱ्या अभ्यासिकेत पांढऱ्याफेक दिव्याखाली साडेबारापर्यंत बसून एकला झोप यावी ही अपेक्षा धरू नका, ते शेवटचे दोन तास खोलीवर वाचा. अवघड फिजिक्स, गणितं दुपारी उरका, रात्री पाठांतर, नोट्स, उद्याची यादी.

मोबाईलचा नाईट मोड लावून काही फार फरक पडत नाही, कारण नुसता उजेड कारण नसतो, एका रीलनंतर दुसरी लागते हे कारण असतं. मी शेवटी बाजारातून साधं गजराचं घड्याळ आणलं आणि मोबाईल रात्री दहाला पलीकडच्या कपाटात ठेवायला लागले. त्या एका गोष्टीनं मला जेवढा फायदा झाला तेवढा दुसऱ्या कशानं नाही झाला. घरच्यांना सांगून ठेवा की दहानंतर फोन उचलणार नाही, काही तातडीचं असलं तर रूममेटच्या नंबरवर करा.

आणि झोप आल्याशिवाय आडवं होऊ नका. नेहमीच्या झोपेच्या आधीचे एक-दोन तास असे असतात की त्यात शरीर सगळ्यात जास्त जागं असतं, म्हणून तीनला झोपणाऱ्याला एकला झोप लागत नाही. पडल्यावर अंदाजे वीस मिनिटात झोप नाही आली तर उठा, मंद उजेडात खुर्चीवर बसून कंटाळवाणं काहीतरी वाचा, डोळे मिटायला लागले की परत या. घड्याळ बघत बसू नका. किती वाजता झोप लागली याच्याशी सकाळच्या गजराचा काही संबंध नाही, गजर ठरल्या वेळेलाच.

पुस्तकात लिहिलेलं असतं की पलंगावर फक्त झोपा, अभ्यास टेबलावर करा. वाचायला बरं वाटतं, पण आठ बाय दहाच्या खोलीत दोन कॉट आणि दोन पेट्या ठेवल्या की टेबल कुठं ठेवणार? मी काय केलं, सकाळी उठले की गादी गुंडाळून भिंतीला लावायची आणि दिवसभर मोकळ्या कॉटवर चटई टाकून, पाठ दुसऱ्या बाजूच्या भिंतीला टेकवून अभ्यास करायचा. गादी उघडली म्हणजे झोप, एवढंच. आठवड्याभरात गादी उघडली की जांभई यायला लागली. आणि दुपारी गादी गुंडाळलेली असली की "दोन मिनिटं पडते" हे पण आपोआप बंद होतं.

दुपारची झोप आणि उकाडा

बेचाळीस डिग्रीत जेवण करून आल्यावर, त्यात लाईट गेलेली, डोळे मिटतातच, त्यात तुमचा दोष नाही, दुपारी शरीराला तशीही एक सुस्ती येते. वीस मिनिटं झोपा, तीनच्या आत, बसून नाहीतर चटईवर, गजर लावून. तास-दीड तास झोपलात तर उठल्यावर डोकं जड होतं आणि रात्रीची झोप त्यातून कापली जाते. मात्र नीटवाल्यांनी, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा देणाऱ्यांनी, एक लक्षात ठेवा, तुमचा पेपर दुपारी दोनला सुरू होतो. जो रोज दोन ते चार झोपतो त्याचं शरीर त्या दिवशीही दोनला झोप मागणार, माझं तेच झालं होतं. म्हणून शेवटचा महिना-दीड महिना तरी दुपारची झोप पूर्ण बंद करून बरोबर दोन ते पाच पेपर सोडवायला बसा. बारावीचा बोर्डाचा पेपर सकाळी अकराचा, तेव्हा साडेदहाला उठणाऱ्यानं किती आधीपासून लागायला पाहिजे ते तुम्हीच मोजा.

रात्री झोप लागायला शरीर थोडं थंड व्हावं लागतं आणि आपल्या वरच्या मजल्याच्या खोल्यांचा स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेला असतो. झोपायच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्यानं अंघोळ करा, अंगावरचं पाणी वाळता वाळता उष्णता बाहेर जाते. पाणी टंचाईचे दिवस असतील तर अर्धी बादली नाहीतर ओल्या टॉवेलनं हातपाय-मान पुसलं तरी फरक पडतो. खिडक्या दिवसा बंद, रात्री सताड उघड्या. घरी असाल आणि गच्चीवर झोपत असाल तर मच्छरदाणी लावा, आणि पहिल्या पायऱ्यांवर असताना डोळ्यांवर रुमाल नाहीतर ओढणी बांधा, नाहीतर सहाचं ऊन तुमच्या हिशोबात चुकीच्या वेळेला डोळ्यात जाईल. शेवटच्या पायऱ्यांवर आलात की रुमाल काढून टाका, मग तेच ऊन फुकटचा गजर आहे.

सोबतचे लोक

एकट्यानं हे जमत नाही. खोलीतल्यांशी एकदा बसून बोला की साडेदहानंतर मोठा दिवा बंद, ज्याला वाचायचंय त्यानं लॅम्प लावायचा, फोन बाहेर जाऊन बोलायचा. मेसच्या मावशींना सांगा की रात्रीचा डबा साडेआठच्या आत पाहिजे. मी मावशींना कारण सांगितलं तर त्या रोज सकाळी आवाज द्यायला लागल्या, "ताई, चहा गार व्हायलाय."

एक रात्र पूर्ण जागून "रीसेट" करायचा सल्ला कुणी ना कुणी देईल. नका करू. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला कोसळता, रात्री दोनला टक्क जाग येते, आणि मधल्या दिवसात डोकं चालत नाही. आणि असं जागरण झालं असेल तर गाडीला हात लावू नका, एसटीनं जा.

झोपेच्या गोळ्या, मेलाटोनिनच्या सुद्धा, मेडिकलवरून मनानं आणू नका. महिनाभर नीट करूनही काहीच हललं नाही, किंवा मोठ्यानं घोरता आणि मध्येच श्वास थांबतो असं रूममेट सांगते, किंवा आठ तास झोपूनही दिवसभर पेंगता, तर डॉक्टरला दाखवा. आणि झोप जाण्यामागं जर मन बसलेलं असेल, मार्कांची भीती, रडू येणं, कशात जीवच न लागणं, तर गजर आणि ऊन पुरणार नाही, घरी कुणाला तरी सांगा, नाहीतर सरकारच्या टेलिमानस हेल्पलाईनला १४४१६ वर फोन करा, दिवसरात्र चालू असते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. मी त्या वर्षी कुणाशीच बोलले नव्हते, बोलायला पाहिजे होतं.

घडी मोडली तर

मोडणारच. चुलतभावाचं लग्न, गावची जत्रा, गणपती, रविवारी घरी गेल्यावर बहिणीसोबत रात्री दोनपर्यंत गप्पा. त्या करा, पण दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेपेक्षा फार तर एक तास उशिरा उठा, त्याच्यापुढं नाही. उठून अंगणात बसा. दुपारी वीस मिनिटं झोपा. रात्री भरपाई म्हणून आठलाच आडवं होऊ नका, नेहमीपेक्षा अर्धा-पाऊण तास आधी चालेल. दोन दिवसात ते परत जागेवर येतं. आणि सलग चार-पाच दिवस मोडलं असेल, दिवाळीत माझं होतंच, तर पहिल्यापासून नको, आता ज्या वेळेला आपोआप जाग येतेय तिथून अर्धा तास मागं धरून पुढची पायरी मोजा.